नववीच्या इंग्रजी वर्गातील वाचन-लेखन प्रकल्प : प्रथम सत्राच्या नोंदी

१८ जून २०२५, बुधवार

इयत्ता नववी, मराठी माध्यम, इंग्रजी तृतीय भाषा, पट ५४, तासिका ३५ मिनिटांची. इंग्रजीच्या तासिकांपैकी मंगळवारची वाचनासाठी आणि शुक्रवारची लेखनासाठी राखून ठेवली. बाकी तासिकांत पाठ्यपुस्तक नेहमीप्रमाणे चालेल.

हे काम नववीतच का? दहावीच्या कृतिपत्रिकेत पत्र, संवाद किंवा भाषण, माहितीचे रूपांतर, बातमी किंवा कथा आणि सारांश यांना प्रत्येकी ५ गुण असतात. म्हणजे ८० पैकी २५ गुण मुलाने स्वतः रचलेल्या वाक्यांवर अवलंबून. दहावीचा जून उजाडला की वर्ग नमुना कृतिपत्रिकांच्या मागे लागतो आणि वाक्य रचायला शिकण्याऐवजी साचे पाठ होतात. नववीत हाताशी वेळ असतो.

प्रकल्पाचा कणा एवढाच ठरवला : मुलाचे पहिले लेखन हा कच्चा माल, खरा स्वाध्याय दुसरे लेखन. गुण दुसऱ्या लेखनालाच मिळतील. आणि कोणत्याही लेखनाआधी त्याच विषयावरचे थोडे तरी वाचन झालेले असेल, कारण जी वाक्यरचना कधी डोळ्यांखालून गेलीच नाही ती मुलाच्या पेनातून उतरणार नाही.

साहित्य : प्रत्येकी १०० पानी एकरेघी वही. डाव्या पानावर पहिले लेखन, एक ओळ सोडून एक. उजव्या पानावर दुसरे लेखन. वही उघडली की दोन्ही शेजारी-शेजारी दिसली पाहिजेत, म्हणून सुट्या कागदांवर लेखन घ्यायचे नाही. तपासायला हिरवे पेन. एका तासिकेला एक पाठपोट झेरॉक्स, दोघांत एक, म्हणजे २७ प्रती.

२४ जून, मंगळवार

वाचनाची सुरुवातीची चाचणी. आठवीच्या पातळीचा १०० शब्दांचा, न शिकवलेला उतारा. प्रत्येकाने १ मिनिट मोठ्याने वाचायचे, आपण फक्त चुकलेल्या शब्दांवर खूण करायची. लगेच दोन प्रश्न मराठीतून विचारायचे आणि उत्तरही मराठीत घ्यायचे. इथे समज तपासायची आहे, बोलण्याची इंग्रजी नव्हे. एका मुलाला सुमारे दोन मिनिटे लागतात. ५४ मुलांचा वर्ग एका तासिकेत संपत नाही, म्हणून तीन गट केले : अ, ब, क, प्रत्येकी १८. एक गट टेबलाजवळ, बाकीचे मूकवाचन करत बाकावर. मोजणी तीन मंगळवारांत पुरी होईल.

नोंदवहीत चार खाने : बरोबर शब्द, गाळलेले शब्द, पहिल्या अक्षरावरून अंदाजाने वाचलेले शब्द ('थ्रू'च्या जागी 'थिंक'), आणि दोन प्रश्नांपैकी किती आले. शेवटचा खाना सर्वांत महत्त्वाचा. मिनिटाला साधारण ६० शब्दांच्या खाली वाचणारा मुलगा वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरतो, त्याची अडचण कळते. पण झरझर वाचून दोन्ही प्रश्नांना गप्प बसणारी मुलेही प्रत्येक वर्गात असतात. त्यांच्याकडे लक्ष जात नाही, कारण वर्गात ती चांगली वाचक म्हणून ओळखली जातात.

पुस्तकात इंग्रजी ओळीच्या वर पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहिण्याची सवय जवळजवळ सगळ्यांना आहे. त्यामुळे वाचन चालल्यासारखे वाटते, पण डोळा वरच्या ओळीवर राहतो, स्पेलिंग नजरेखालून जातच नाही. तोच मुलगा लिहिताना अडतो. ही सवय एकदम बंद केली तर कच्ची मुले वाचणेच सोडतात. उपाय : पुस्तकात उच्चार लिहायचा नाही. पानामागे जास्तीत जास्त ५ शब्द एका पट्टीवर लिहायचे आणि ती पट्टी पुस्तकाबाहेर ठेवायची. उच्चार बघायला मान वळवावी लागली की डोळा परत येताना मूळ शब्दावर पडतो.

२७ जून, शुक्रवार

पहिले लेखन. विषय : सकाळी उठल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत. ८ ते १० वाक्ये, २० मिनिटे, शब्द अडला तर मराठी शब्द तसाच ठेवून पुढे जायचे. ही मुभा फार कामाची आहे. ती नसेल तर एका शब्दासाठी मूल पाच मिनिटे थांबते किंवा वाक्यच बदलते, आणि त्याला नेमके काय म्हणायचे होते ते आपल्याला कधीच कळत नाही.

गुण दिले नाहीत. फक्त चुकांची वर्गवारी केली. त्या मुलांच्या निष्काळजीपणातून आलेल्या नाहीत. बहुतेकांचे मूळ मराठी वाक्यात आहे आणि ते मूळ सांगितले की मूल पटकन पकडते.

'आय ॲम गो टू स्कूल.' सर्वांत जास्त आढळणारी. पहिलीपासून 'मी' म्हटले की 'आय ॲम' असे तोंडात बसते, मग 'ॲम' हा 'आय'चाच भाग वाटू लागतो. 'ही इज प्ले', 'दे आर कम' ही त्याचीच भावंडे.

'आय डिड नॉट वेंट.' भूतकाळ दोनदा. 'डिड'ने काळ दाखवून झाला आहे हे मुलाला माहीत असते, पण 'गेलो नाही' मधला 'गेलो' त्याला 'वेंट'कडे ओढतो.

'ही टोल्ड टू मी', 'वी डिस्कस्ड अबाउट इट.' मराठीत 'मला' मधला 'ला' आणि 'त्याबद्दल' मधला 'बद्दल' हवेच असतात. मूल त्यांना स्वतंत्र शब्द शोधून देते.

'द बस वॉज लेट, शी केम ॲट नाइन.' बस ती, म्हणून 'शी'. 'ट्रक' असता तर 'ही' झाला असता.

'रेन वॉज कमिंग.' पाऊस पडत होता, तर कर्ता पाऊसच असणार. इथे इंग्रजीला 'इट' लागते, आणि त्या 'इट'ला स्वतःचा अर्थ नसतो, हे कोणीतरी स्पष्ट सांगावे लागते.

'माय फादर ही इज फार्मर.' कर्ता दोनदा, आणि 'अ' गायब. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे ते विसरले जाते असे नाही. त्याची जागा रिकामी आहे हेच जाणवत नाही.

क्रम असा लावला : आधी क्रियापद आणि काळ, मग शब्दांचा क्रम, मग सर्वनाम, मग प्रिपोझिशन, सर्वांत शेवटी आर्टिकल. 'आय वेंट टू मार्केट' यात आर्टिकल नाही तरी वाचणाऱ्याला अर्थ कळतो. 'आय गो मार्केट येस्टरडे टुमारो' यात काहीच कळत नाही. जिथे अर्थ अडतो तिथून सुरुवात. वर्गात पुष्कळदा उलटे होते, 'द' आणि 'अ' यांवर महिना जातो.

४ जुलै, शुक्रवार

तपासणीचे गणित. एक वही नीट तपासायला ४ मिनिटे धरली तर ५४ वह्यांना २१६ मिनिटे, म्हणजे साडेतीन तासांहून जास्त. इतर वर्गही असताना दर आठवड्याला हे होत नाही. मग होते ते असे : पानाखाली सही, 'गुड', आणि तारीख. मुलाला त्यातून काही मिळत नाही.

म्हणून आळीपाळी. एका आठवड्यात एकाच गटाच्या १८ वह्या नीट तपासायच्या, ७२ मिनिटांत होतात. उरलेल्या दोन गटांनी शेजाऱ्याची वही फक्त एका गोष्टीसाठी बघायची. या पंधरवड्याची गोष्ट : प्रत्येक वाक्यातल्या क्रियापदाखाली रेघ. ज्या वाक्यात रेघ मारायला काही सापडत नाही किंवा दोन जागी मारावीशी वाटते, तिथे प्रश्नचिन्ह. शेजाऱ्याने दुरुस्त करायचे नाही. मुलांनी एकमेकांची वाक्ये दुरुस्त केली की बरोबर होते तेही बिघडते.

हिरव्या पेनाच्या खुणा समासात, ओळीवर नाही : 'का' म्हणजे काळ, 'क्रि' क्रियापदाचे रूप, 'क्र' शब्दांचा क्रम, 'स्पे' स्पेलिंग, 'वि' विरामचिन्ह, 'काय?' म्हणजे अर्थ लागला नाही. 'का २' याचा अर्थ या ओळीत काळाच्या दोन चुका आहेत, शोध. चूक अधोरेखित करायची नाही आणि बरोबर रूप लिहून द्यायचे नाही. बरोबर रूप लिहून दिले की दुसरे लेखन म्हणजे नुसती नक्कल होते. मात्र क गटासाठी, म्हणजे ज्यांना चूक शोधताच येत नाही त्यांच्यासाठी, पहिले काही आठवडे शब्दाखाली टिंब द्यायचे.

एका वहीत जास्तीत जास्त ६ खुणा. चुका वीस असल्या तरी सहाच. वीस खुणांचे पान बघून मूल वही मिटते.

११ जुलै, शुक्रवार

पहिले 'दुसरे लेखन'. ठळक अडचण अपेक्षेप्रमाणेच : मुलांच्या मते दुसरे लेखन म्हणजे 'फेअर'. सुवाच्य अक्षर, रंगीत मथळा, दोन बाजूंना समास, आणि चुका जशाच्या तशा. शाळेत रफ आणि फेअर यांत फरक अक्षराचाच असतो असे इतकी वर्षे शिकवले गेले आहे, मुले तेच करणार.

तो अर्थ मोडण्यासाठी दुसऱ्या लेखनाला तीन अटी घातल्या. एक, समासातल्या प्रत्येक खुणेचा निकाल लावायचा. दोन, कोणतीही दोन छोटी वाक्ये जोडून एक करायचे ('बिकॉज', 'व्हेन', 'बट', 'सो' यांपैकी एक वापरून). तीन, एका ठिकाणी तपशील वाढवायचा. 'आय ईट ब्रेकफास्ट' असेल तर काय खाल्ले, कुठे बसून, कोणाबरोबर, यांतले एक. तिसऱ्या अटीमुळे उजवे पान डाव्याहून मोठे होतेच, आणि नुसती नक्कल केलेली वही लगेच ओळखू येते.

गुण १० पैकी : खुणांचा निकाल ४, जोडलेले वाक्य २, तपशील २, एकूण वाचनीयता २. पहिल्या लेखनात कितीही चुका असोत, दुसऱ्यात १० मिळू शकतात. हे वर्गात ठासून सांगायला हवे, कारण त्यामुळेच कच्ची मुले डावे पान धाडसाने भरतात. चुकायचे गुण कापले जाणार असतील तर मूल त्याला येणारी तीनच वाक्ये फिरवून फिरवून लिहिते.

१५ जुलै, मंगळवार

वाचनसाहित्य. पाठ्यपुस्तक पुरत नाही, कारण त्यातल्या प्रत्येक पाठाची तयार उत्तरे बाजारात आहेत. प्रथम बुक्सचे 'स्टोरीवीव्हर' हे २०१५ पासूनचे मुक्त संकेतस्थळ उपयोगी पडते : गोष्टी चार स्तरांत लावलेल्या आहेत, परवाना खुला आहे, लेखक-चित्रकारांची नावे ठेवून छापता येतात. बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत. नववीच्या मुलांसाठी दुसरा आणि तिसरा स्तर घेतला. चौथ्या स्तराच्या गोष्टी पुष्कळ लांब, त्या अ गटातल्या थोड्यांनाच.

स्तर ठरवण्याची पद्धत : मधले कोणतेही पान उघडून मुलाने वाचायचे आणि न कळलेल्या शब्दाला एक बोट दुमडायचे. पाच बोटे दुमडली की ती गोष्ट आत्ता नको. एक किंवा दोन दुमडली तर योग्य. एकही नाही तर एक स्तर वर.

लहान मुलांची चित्रे बघून चौदा वर्षांच्या मुलांना संकोच वाटतो. म्हणून छापताना मुखपृष्ठ काढून फक्त मजकूर आणि आतली एक-दोन चित्रे, काळ्या-पांढऱ्यात. प्राणी बोलतात अशा गोष्टी टाळून विज्ञान, खेळ, प्रवास, कामधंदा यांवरच्या निवडल्या. वाचनाचा आनंद हवा असेल तर वाचणाऱ्याचा मान आधी राखला पाहिजे.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही आवृत्त्या असलेली गोष्ट क गटाला आधी मराठीत दिली. यात कमीपणा काही नाही. गोष्ट माहीत असली की मन कथानकात न अडकता इंग्रजी वाक्याकडे बघू शकते.

२२ जुलै, मंगळवार

वाचननोंद सुरू. आठवड्याला एक, वहीच्या मागच्या बाजूने. पाच ओळी : गोष्टीचे नाव आणि पाने, काय घडले ते एका वाक्यात, आवडलेले एक वाक्य जसेच्या तसे, नवा शब्द आणि तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, आणि लेखकाला विचारावासा एक प्रश्न.

बिघडते ते इथे : काही मुले मागच्या पानावरचा परिचय उतरवतात, काही शेजाऱ्याची नोंद. पाच ओळींतल्या पहिल्या चार नकलेला खुल्या आहेत. पाचवी नाही, कारण सारखाच प्रश्न दोन वह्यांत आला की उठून दिसतो. शिवाय मंगळवारी तासिकेच्या सुरुवातीला तीन मुलांना एकेक मिनिट गोष्टीतल्या कोणत्याही पानावरचा प्रश्न : 'पान ६ वर ती का परत फिरली?' कोणाला विचारले जाईल हे आधी कळू द्यायचे नाही. तेवढ्याने वाचन बरेच खरे होते.

नवा शब्द लिहिताना अर्थ म्हणून एकच मराठी शब्द लिहिला तर तो वापरता येत नाही. शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य सक्तीचे ठेवल्यावर 'इंटरेस्टेड इन', 'अफ्रेड ऑफ', 'गुड ॲट' अशा जोड्या आपोआप जमू लागतात. प्रिपोझिशनचा वेगळा धडा घेण्यापेक्षा हे बरे.

१ ऑगस्ट, शुक्रवार

लोकमान्य टिळक पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठे जयंती, त्यामुळे शाळेत भाषणे. इंग्रजी भाषणाचा लेखन-स्वाध्याय यालाच जोडला : ६० ते ७० शब्द, एक मिनिट. अट : पहिल्या वाक्यात 'आदरणीय व्यासपीठ'चे इंग्रजी रूप नको, थेट एक ठोस गोष्ट. साठ्यांचा जन्म वाटेगावचा, १९२०. टिळकांनी १८८१ मध्ये केसरी आणि मराठा सुरू झाले त्या कामात हात घातला. अशा एका तपशिलापासून सुरुवात केली की पुढचे वाक्य सुचते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

ऐकून पुन्हा रचणे. आतापर्यंतच्या कृतींत हिचा उपयोग सर्वांत जास्त होतो असे आमचे मत आहे, म्हणून पायऱ्या सविस्तर.

मजकूर ५० ते ६० शब्दांचा, पाच-सहा वाक्ये, विषय ओळखीचा, साध्या भूतकाळातला. अनोळखी शब्द दोनपेक्षा जास्त नकोत आणि ते आधी फळ्यावर लिहायचे. पहिल्यांदा नेहमीच्या वेगाने वाचायचे, पेन खाली. दुसऱ्यांदा वाचताना मुलांनी फक्त ठळक शब्द टिपायचे. शब्दन्‌शब्द लिहिता येऊ नये असाच वेग हवा. हळू वाचले की ते श्रुतलेखन होते आणि कृतीचा सगळा उपयोग जातो. मग जोडीने, टिपलेल्या शब्दांवरून, पूर्ण वाक्यांत मजकूर पुन्हा उभा करायचा, १२ मिनिटे. शेवटी मूळ मजकूर द्यायचा आणि आपला त्याशेजारी ठेवून फरकाखाली रेघा.

टिपताना 'बॉय, मार्केट, लॉस्ट, पोलीस' असे नाम-क्रियापदच टिपले जाते. आर्टिकल, प्रिपोझिशन, '-ईडी' हे सगळे मुलाला स्वतः भरावे लागते, आणि जे भरले गेले नाही ते मूळ मजकुराशी ताडताना त्यालाच दिसते. समासातल्या दहा खुणांनी जे कळत नाही ते इथे कळते.

काय बिघडते : एका जोडीत दोघेही कच्चे असले तर पान कोरे राहते. अ-क किंवा ब-ब अशा जोड्या लावाव्यात, अ-ब-क त्रिकुटे टाळावीत. त्यांत क गटाचा मुलगा फक्त बघतो. पेन नेहमी क गटाच्या हातात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

न शिकवलेला उतारा : कास पठार. साताऱ्याजवळचा विषय, बहुतेकांनी नाव ऐकलेले, आणि हंगाम येऊ घातलेला. १२० शब्दांत एवढेच : साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटर, जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, त्यामुळे मोठी झाडे रुजत नाहीत आणि पावसाळ्यात लहान वनस्पतींना जागा मिळते. सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ जागांना युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे.

दहावीच्या पद्धतीने पाच कृती, ए१ ते ए५, प्रत्येकी २ गुण : साधी माहिती, जोडून समजून घ्यायची माहिती, शब्दसंपत्ती, व्याकरण, स्वतःचे मत. ए१ मध्ये अडचण नसते, प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधून ती ओळ उतरवली की काम होते. हीच सवय ए२ मध्ये आड येते. 'पठारावर मोठी झाडे का नाहीत?' याचे उत्तर उताऱ्यात 'बिकॉज' लावून दिलेले नाही, दोन वाक्ये जोडावी लागतात. बरीच मुले 'ट्रीज' शब्द असलेली ओळ उतरवून मोकळी होतात.

यावर उपाय : प्रश्न मुलांनी तयार करायचे. जोडीला तीन प्रश्न, पण अट अशी की उत्तर एका ओळीत सापडता कामा नये. असा प्रश्न तयार करायचा तर उतारा दोनदा वाचावाच लागतो. तयार झालेले प्रश्न दुसऱ्या जोडीला द्यायचे. प्रश्न रचताना 'व्हाय ट्रीज आर नॉट देअर?' हा क्रम हमखास येतो. तिथेच 'व्हाय आर देअर नो ट्रीज?' फळ्यावर.

ए५ मुले कोरा सोडतात किंवा 'येस, आय ॲग्री' एवढेच लिहितात. दोन गुणांसाठी तीन वाक्यांची चौकट दिली : मत, कारण, स्वतःच्या पाहण्यातले एक उदाहरण. तिसरे वाक्य आले की उत्तर जिवंत होते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

त्याच उताऱ्यावर लेखन : कासला येणाऱ्या पर्यटकांसाठी सूचनापत्रक, ६ सूचना. आज्ञार्थी वाक्ये, क्रियापद पहिले : 'वॉक ओन्ली ऑन द पाथ.' प्रत्येक सूचनेला कारण जोडायचे. 'यू शुड नॉट टू प्लक' हे वाक्य पुष्कळ वह्यांत, 'शुड'नंतर 'टू' नको. सूचनापत्रक क गटालाही जमते, कारण वाक्य लहान आणि कर्ता नाही, तेव्हा 'आय ॲम'चा प्रश्नच उद्‌भवत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

गणपतीच्या सुट्टीनंतर पत्रलेखन. औपचारिक पत्राचा आराखडा : पाठवणाऱ्याचा पत्ता, तारीख, ज्याला लिहायचे त्याचे पद व पत्ता, विषय, संबोधन, मजकूर, शेवट, सही. सगळे डावीकडून. आराखडा एका तासिकेत येतो, त्यावर जास्त वेळ घालवू नये.

खरा प्रश्न मजकुराचा. गाईडमधले पत्र पाठ असते. 'आय ॲम द रेसिडेंट ऑफ युअर एरिया' पासून 'टेक द नेसेसरी ॲक्शन' पर्यंत, मधला विषय बदलून. आता त्यात भर म्हणजे फोनवर चॅटजीपीटीकडून आलेले पत्र : निर्दोष, गुळगुळीत, आणि मुलाला त्यातले निम्मे शब्द वाचता येत नाहीत. दोन्हींवर उपाय एकच आहे. पहिले लेखन नेहमी वर्गात, कागदावर. आणि विषयात असा तपशील मागायचा जो बाहेर कुठेच मिळणार नाही : 'शाळेसमोरच्या बसथांब्याबद्दल आगार व्यवस्थापकांना पत्र. तुम्ही स्वतः पाहिलेल्या तीन गोष्टी, प्रत्येक गोष्टीला वेळ किंवा जागा.' गुरुवारी मुलांनी थांब्यावर उभे राहून मराठीत तीन टिपणे काढून आणायची, शुक्रवारी इंग्रजी.

टिपणांमुळे भाषेची पातळी आधी घसरल्यासारखी दिसते. पाठ पत्रातले ऐटदार वाक्य जाते आणि 'द शेड हॅज होल, रेन कम्स इन' असे वाक्य येते. ही घसरण नाही. या वाक्याला सुधारता येते. पाठ वाक्यात सुधारायला काही नसते.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सारांश. १२० शब्दांचा ४०. सर्वांत सोपी पळवाट : पहिली तीन वाक्ये उतरवणे. पद्धत : उताऱ्यातली उदाहरणे, आकडे, पुनरुक्ती पेन्सिलीने खोडायची. उरलेल्यांतून चार मुद्दे, प्रत्येकी तीन शब्दांत, वहीत. मग उतारा उलटा ठेवायचा आणि मुद्द्यांवरून वाक्ये. उतारा समोर असला की हात आपोआप नक्कल करतो. शीर्षक शेवटी, पाच शब्दांच्या आत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

संवादावरून बातमी. आधी वाचन : दोन मुलांचा आठ ओळींचा संवाद, एक जण सापडलेले पाकीट परत करतो. मग त्याची बातमी : मथळा, ठिकाण व तारीख, पहिल्या वाक्यात कोण-काय-कुठे-कधी, नंतर तपशील. मथळ्यात क्रियापद वर्तमानकाळात, मजकुरात भूतकाळात. हा फरक मुलांना विचित्र वाटतो, एखादे इंग्रजी वर्तमानपत्र समोर धरले की पटतो.

इथे अप्रत्यक्ष कथन अटळ. मराठीत 'राहुल म्हणाला की मी उद्या येतो' हे अगदी बरोबर. म्हणून मूल लिहिते 'राहुल सेड दॅट आय विल कम टुमारो', आणि इंग्रजी वाचणाऱ्याला वाटते की बातमी लिहिणारा येणार आहे. नियमांचा तक्ता पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक वाक्यापुढे एकच प्रश्न विचारायला लावला : येणारा कोण? उत्तर 'राहुल' आले की 'आय'चा 'ही' होतो. 'विल'चा 'वुड' आणि 'टुमारो'चा 'द नेक्स्ट डे' ही पुढची पायरी, ती वेगळ्या दिवशी. तिन्ही बदल एकदम मागितले तर एकही होत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सत्र परीक्षेतील लेखन-उत्तरांची तपासणी. दोघा शिक्षकांनी आधी त्याच ६ उत्तरपत्रिका स्वतंत्रपणे तपासायच्या आणि गुण ताडून बघायचे. एका प्रश्नात १ गुणापेक्षा जास्त फरक पडला तर कारण बोलून ठरवायचे. पाच गुणांच्या पत्राची आमची वाटणी : आराखडा १, मजकूर २, भाषा २.

मतभेद ठरलेल्या जागीच होतात. सुंदर अक्षर, पाठ केलेली सुरुवात, आत काहीच नाही : याला ३ की ४? आणि अक्षर वेडेवाकडे, दोन क्रियापदे चुकलेली, पण तीनही तपशील खरे : याला २ की ३? ठरले असे : पहिल्याला मजकुराचा अर्धाच गुण, दुसऱ्याला मजकुराचे पूर्ण दोन. भाषेच्या दोन गुणांत स्पेलिंगसाठी एकूण अर्ध्याहून जास्त कापायचे नाही. तीच चूक चारदा आली तरी ती एकच धरायची.

जूनमधली एक मिनिटाची वाचन-चाचणी तेवढ्याच अवघड पण वेगळ्या उताऱ्यावर पुन्हा घेतली. जुना उतारा परत वापरू नये, मुले तो लक्षात ठेवतात. क गटातून ब मध्ये जाणाऱ्यांची नावे लगेच बदलली. गट वर्षभर तोच राहिला की मूल स्वतःला त्या अक्षराने ओळखू लागते.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वाचन प्रेरणा दिन. तासिकेत कार्यक्रम न करता वाचनच : २५ मिनिटे मूकवाचन, १० मिनिटे आवडलेले एकेक वाक्य मोठ्याने.

दिवाळीच्या सुट्टीचा स्वाध्याय : घरात होणाऱ्या फराळाच्या एका पदार्थाची कृती, ८० शब्द. नमुन्यासाठी कांदेपोह्यांच्या कृतीचे इंग्रजी पान दिले आहे. त्यात लागणारी क्रियापदे आहेत : सोक, चॉप, हीट, ॲड, स्टर, कव्हर. चकली-करंजीला आणखी लागतील ती फळ्यावरून उतरवून घेतली : नीड, रोल, फिल, सील, डीप-फ्राय, ड्रेन. 'वी शुड टेक' किंवा 'आय ॲम टेकिंग' नको, 'टेक' एवढेच. पदार्थांची आणि भाजणीची नावे मराठीच ठेवायची, पहिल्यांदा येईल तिथे एका इंग्रजी वाक्यात समजावून. मोजमाप घरात जे चालते ते, वाटी असेल तर वाटी, मात्र वाटीत साधारण किती ग्रॅम बसते ते एकदा लिहायचे. करणाऱ्या माणसाला विचारून एक 'काय बिघडते' जोडायचे : चकली तुटते ती का, करंजी तेलात उघडते ती का. तेवढे वाक्य 'इफ'ने सुरू करायचे. दुसरे लेखन शाळा उघडल्यावर, तपासणीत पहिला क्रमांक ब गटाचा.